दगडांवरचे माझे आकडे

रेवा आणि अर्णव, शाळेच्या सहलीत पाहिलेल्या दगडांच्या वर्तुळाचा फोटो तुम्ही मला पाठवलात. दगड लांब होते, मध्ये दोरी होती आणि दोरीच्या अलीकडे तुम्ही दोघे कानटोप्या घालून कुडकुडत उभे होतात. खाली विचारले होते, "आजी, तुमच्याकडे असे दगड आहेत का?" मी लगेच लिहिले, "आहेत, नागपूरजवळ. मी त्यांच्यावर बसून डबा खाल्ला आहे."

उत्तर खरे होते, पण अर्धेच. उरलेले अर्धे मी तुमच्या बाबांनाही कधी सांगितले नव्हते. ते सांगण्याआधी एकदा जाऊन पाहून यावे असे वाटले. आता जाऊन आले आहे, म्हणून सगळे क्रमाने लिहिते.

आधी थोडे मागचे

मी एम.ए.ला इतिहास घेतला होता. त्या हिवाळ्यात आमच्या सरांनी सहा विद्यार्थ्यांना नागपूरजवळच्या एका गावाच्या माळावर नेले. गावाचे नाव लिहीत नाही, कारण पुढे एका घरच्या गोठ्याची गोष्ट येणार आहे आणि त्या घराला संकोच वाटेल.

माळावर मोठमोठ्या काळ्या धोंड्यांची वर्तुळे आहेत. ही थडगी आहेत. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी आपली माणसे इथे पुरली, सोबत मडकी आणि लोखंडाची हत्यारे ठेवली, वर मुरूम-गोट्यांचा ढीग घातला आणि भोवती धोंडे मांडले. काही धोंड्यांवर सुपारी मावेल एवढे खळगे ओळीने कोरले आहेत. ते कशासाठी, हे कोणालाच नक्की ठाऊक नाही.

तेव्हा तिथे कुंपण नव्हते, पाटी नव्हती. एस.टी.ने फाट्यावर उतरायचे आणि तुरीच्या शेतांतून तासभर चालायचे. आम्ही धोंड्यांवर बसून जेवायचो, ओले टॉवेल त्यांच्यावरच वाळत घालायचो. वर्तुळाच्या मधोमध शेळ्या बसलेल्या असत. गावचा म्हातारा कोतवाल दिवसभर आमच्यासोबत असे आणि आम्ही मोजतो काय, याचे त्याला कोडे पडलेले असे.

एका वर्तुळातल्या बावीस दगडांना आकडे घालून त्यांची मापे घेण्याचे काम माझ्याकडे होते. आकडे खडूने घाला, असे सरांनी सांगितले होते. घातले. दुसऱ्या दिवशी अवकाळी पाऊस आला आणि सगळे धुऊन गेले. पुन्हा घातले, ते दवाने पुसट झाले. मला गोंधळ सहन होत नाही, हे मी तुमचे खेळण्यांचे कपाट लावले तेव्हा तुम्ही पाहिलेच आहे. मी गावातल्या दुकानात गेले. पोळ्याला बैलांची शिंगे रंगवतात, त्या तांबड्या तैलरंगाचा एक डबा दुकानदाराकडे उरला होता. तो घेऊन एका दुपारी मी बावीसच्या बावीस दगडांच्या बाहेरच्या अंगावर वीतभर उंचीचे आकडे काढले. फार सुबक दिसत होते.

सर संध्याकाळी आले. ओरडले नाहीत. वर्तुळाभोवती हळूहळू फिरले आणि म्हणाले, "आपण इथे वाचायला आलो होतो. तुम्ही लिहून ठेवलंत."

आम्ही घासलेट आणून चिंध्यांनी घासले, पण खरखरीत दगडात रंग मुरला होता. आकडे फिके झाले, गेले नाहीत. नऊचा आकडा तर मी खळग्यांच्या ओळीवरूनच ओढला होता. घाबरून मी त्यावर तारेचा ब्रश चालवला, तेव्हा सरांनी माझा हात धरून थांबवले. पुढच्या हिवाळ्यात त्यांनी मला बोलावले नाही. माझे लग्न ठरले म्हणून बोलावले नसेल की रंगामुळे, हे विचारायचे धैर्य मला झाले नाही. आता सर नाहीत. गेली जवळजवळ पन्नास वर्षे कोणत्याही जुन्या देवळात गेले की माझी नजर आधी, कोणी रंगाने काही लिहिले आहे का, हे शोधते. तुमचा फोटोही मी मोठा करून त्यासाठीच पाहिला.

निघताना

एकटीने जाऊ नये असे डॉक्टर म्हणाले, म्हणून मी तुमच्या सुमनआजीला विचारले. ती माझी धाकटी जाऊ, वसईकडच्या आपल्या गिरीज गावातली केळीची सगळी वाडी तीच पाहते. तिचे माहेर भातशेतीवाल्या गावातले, तिथल्या बोलीमुळे तिच्या तोंडी 'ण' क्वचितच येतो.

"दगड बघायला नागपूर?" ती म्हणाली. "आपल्या बावखलाला काय कमी दगड हायत?" बावखल म्हणजे वाडीला पाणी पुरवणारे आपले तळे, ज्याच्या पायरीवर बसून तुम्ही बेडूक मोजलेत ते.

"केळी सोडून चार दिवस येशील का, ते सांग."

"येते. तुम्हांला एकटं सोडलं तर तिथले दगड ओळीत लावून याल."

ती सहज बोलली. मी मात्र त्या दिवशी वरणात मीठ दोनदा घातले.

नागपूर, मंगळवार

गाडीचा प्रवास गाडीच्या प्रवासासारखाच झाला, त्याबद्दल लिहीत नाही. दुपारी एका घरगुती खाणावळीत पाटवडी-रस्सा खाल्ला. बेसनाच्या वड्या आणि त्यांवर लालभडक, तेलाचा तवंग असलेला झणझणीत रस्सा. आपल्याकडे कालवण म्हटले की नारळ आधी खवला जातो. सुमनने पहिला घास घेतला, डोळे पुसले आणि वाढणाऱ्या बाईंना विचारले, "ह्याच्यात नारळ घालायचा इसरलात काय?"

"नारळ देवाले फोडतो जी," बाई म्हणाल्या. "भाजीत काहून घालाचा?"

"मंग देव मजेत हाय तुमचा," असे म्हणत सुमनने दुसरी वाटी मागून घेतली. मी दह्याबरोबर भाकरी खाल्ली. खोटे सांगत नाही, मला तिखटापेक्षा दुसऱ्या दिवसाचीच धास्ती जास्त होती. दगड तिथे असतील का, आणि असले तर माझे आकडे त्यांच्यावर असतील का, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मला सारखीच नकोशी वाटत होती.

माळावर, बुधवार

आता फाट्यापासून चालावे लागत नाही. डांबरी रस्ता थेट फाटकापर्यंत जातो. फाटक आहे, जाळीचे उंच कुंपण आहे, नियमांची पाटी आहे. दहा-दहा जणांचा गट करून आत सोडतात, सोबत गावातली वाटाड्या बाई असते. खाण्याचे पदार्थ बाहेरच ठेवावे लागतात, त्यामुळे गावकऱ्यांना द्यायला आणलेली आपल्या वाडीतली सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, फाटकावरच्या कपाटात गेली.

नोंदणी तुमच्या बाबांनी तिकडून करून दिली होती. त्यामुळे फाटकावर सांगायचा ओटीपी तुमच्या घरी गेला. इथे सकाळचे साडेनऊ, तिथे पहाटेचे चार. फोन उचलून तुमच्या बाबांनी विचारले, "आई, बरी आहेस ना?"

"बरी आहे. आलेले सहा आकडे सांग आणि झोप."

त्या फाटकाचा मला रागच आला होता. जिथे मी उशाला वही घेऊन दुपारची पडत असे, तिथे आता रांग होती. पण आत गेल्यावर राग टिकला नाही. एकाही दगडावर कोणाचे नाव नाही, बदाम नाही, बाण नाही. आपल्या वसईच्या किल्ल्याच्या भिंती तुम्ही पाहिल्या आहेत. किती जोड्यांनी तिथे आपले प्रेम खिळ्याने कोरून ठेवले आहे. त्या भिंतींना कोणी असे जपले असते तर, असे मनात आले. मग आठवले की या विषयावर रागवायचा अधिकार माझ्याकडे फारसा नाही.

आमच्या वाटाड्या बाईंचे नाव वंदनाताई. पस्तिशीच्या, गळ्यात ओळखपत्र, आवाज खणखणीत. त्यांनी फरसबंदी वाटेवरून एकेक वर्तुळ दाखवत नेले, देवळात नेतात तसे वर्तुळ उजव्या हाताला ठेवून. मी बाकी काही ऐकत नव्हते, फक्त दगडांची बाहेरची अंगे पाहत होते. सगळी स्वच्छ होती, करडी-हिरवी, दगडफुलांनी भरलेली.

पाचवे वर्तुळ माझे. मी ते लांबूनच ओळखले, कारण त्याच्या पलीकडे टेकडीला घोड्याच्या पाठीसारखा खोलगट भाग आहे. इतर वर्तुळांत आतपर्यंत जाता येत होते. याच्याभोवती मात्र दोरी बांधलेली होती. मी दोरीच्या कडेने फिरू लागले. एक, दोन, तीन, अर्ध्या वाटेपर्यंत एकाही दगडावर रंगाचा ठिपका नव्हता. इतक्या वर्षांच्या उन्हापावसाने घासलेटाला जमले नाही ते केले होते. मला एवढे हलके वाटले की मी सुमनच्या दंडाला धरले.

"काय झालं? पानी देऊ?"

"नको. छान वाटतंय."

तेवढ्यात वंदनाताईंनी दोरीपलीकडच्या तीन दगडांकडे बोट केले. "आता या तिघाईची गंमत ऐका जी. हे मधात इथं नव्हतेच. आमच्या गावातल्या एकाच्या आज्यानं त्याच्या काळात बैलगाडीवर घालून नेले, अन् गोठ्याच्या जमिनीत पालथे बसवले. कुंपन झालं तवा पाह्यलं तर तीन खड्डे खाली. साऱ्या गावाले माहीत होतं दगड कुठं हायत, पण बोलाचं कोनी? तो म्हने, दगड काय कमी हायत का माळावर, हे माह्या आज्यानं नदीतून आनले."

"मग?" गटातल्या एकाने विचारले.

"मंग उकरले. अन् पोटाखाली काय, तर तांबडे आकडे. सात, आठ, नऊ. पालथे होते म्हनून ऊनपानी लागलं नाही, रंग तसाच. नदीतल्या दगडाले नंबर कोन घालते? त्याचं तोंडच बंद झालं. गपगुमान देऊन टाकले. आकडे कोनी घातले ते मात्र ठाऊक नाही. कोनी म्हनते इंग्रजानं घातले."

मी दोरीवरून वाकून पाहिले. मधल्या दगडावर आठ होता, फिकट पण स्पष्ट. त्याच्या एका बाजूला सात, दुसऱ्या बाजूला नऊ. नवाचे लांबवलेले शेपूट माझेच होते. शाळेत फळ्यावर मी पुढे तीस वर्षे तसेच नऊ काढले. गप्प राहून निघून जाता आले असते. कोणी ओळखत नव्हते.

"वंदनाताई," मी म्हणाले, "ते आकडे मी घातले आहेत."

सगळा गट माझ्याकडे पाहू लागला. सुमनने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि वंदनाताईंना म्हणाली, "घ्या. तुमचा इंग्रज सापडला."

मी पोळ्याच्या रंगाचा डबा, पाऊस, घासलेट, तारेचा ब्रश, सगळे सांगितले. वंदनाताई हसल्या नाहीत. "खोटं काहून बोलू आजी," त्या म्हणाल्या, "त्या नवाच्या दगडावरचे दोन खळगे घासून बोथट झाले हायत. ज्यानं केलं त्याले मी लय शिव्या घातल्या हायत. रोज घालतो."

"बरोबर आहे," मी म्हणाले.

"पन आकडे नसते तं दगड गेलेच होते. हे बी तेवढंच खरं."

त्यांनी इतर लोकांना पुढच्या वर्तुळाकडे पाठवले आणि आम्हा दोघींसाठी दोरी खाली केली. मी नवापाशी गुडघे टेकून बसले. खळग्यांच्या ओळीत शेवटच्या दोघांच्या कडा गुळगुळीत झाल्या आहेत. ते माझेच काम. तिथे कोणत्याही पावसाचा उपयोग होणार नाही.

"मग ही दोरी कशाला?" सुमनने विचारले.

"सातवा हालते ना जी. मागच्या साली एक पोरगी टेकली अन् पडता पडता वाचली. खाली दगडाच्या चिपा घातल्या, माती ठोकली, तरी हालतेच. तवापासून हे वर्तुळ बंद. लोकं इतक्या दुरून येते अन् सगळ्यात मोठं वर्तुळच दोरीतून पाहून जाते. वरून साहेब म्हनते, त्याले सिमेंटात बसवू. मले नाही पटत. पन मी कोन?"

सुमनने पदर खोचला आणि साताच्या दगडाला तळहाताने ढकलून पाहिले. तो डुगडुगला. मग ती नवाकडे गेली, त्याच्या पायथ्याशी वाकली. तो जमिनीत कसाबसा कोंबल्यासारखा बसला होता, एका अंगाची माती फुगून वर आली होती.

"ताई," ती मला म्हणाली, "आपल्या बावखलाच्या पायऱ्या गाळ काढताना निघाल्या होत्या, आठवतं? बुडाचा दगड आपल्या जागी असला तर चिपा लागत नाय. हा सात दुसऱ्याच्या घरात राहतोय. आनि हा नऊ पन. एकाला जागा मोठी, एकाला लहान."

मी वंदनाताईंना विचारले, "दगड परत बसवताना क्रम कसा लावलात?"

"कसा म्हंजे? तीन खड्डे, तीन आकडे. प्रदक्षिना करतो तसं उजवीकडून सात, आठ, नऊ. अजून कसं लावाचं?"

आणि मला तो म्हातारा कोतवाल दिसला, हातात काठी, डोक्याला मळके फडके. पहिल्या दिवशी मी खडू घेऊन, वर्तुळ उजव्या हाताला ठेवून निघाले होते. कोतवालाने काठी आडवी धरली. "बाई, हे मसन हाय. देवळावानी नका फिरू इथं. मेलेल्याभोवती उलटे फेरे घेतेत." सर म्हणाले, "गाव त्यांचं आहे, त्यांचं ऐका." म्हणून मी वर्तुळ डाव्या हाताला ठेवून चालले आणि आकडेही तसेच घातले. रंगाच्या वेळी तोच क्रम गिरवला.

मी हे सांगितले तेव्हा वंदनाताईंनी ते तिन्ही दगड बोटाने उलट्या बाजूने पुन्हा मोजले. आठ मधलाच, त्यामुळे तो कसाही मोजला तरी आपल्या जागी. सात आणि नऊ मात्र एकमेकांच्या खड्ड्यांत.

"माही आजी बी तेच म्हने," त्या हळूच म्हणाल्या. "तिकडं जाऊ नोका, गेले तं उलटे फिरा. आमी म्हटलं, म्हातारीचं काय ऐकाचं. मंग कुंपन झालं, लोकं यायले लागले, फोटो काढायले लागले, अन् आमाले बी देवळावानीच वाटाले लागलं. इतके दिवस मी लोकांले उलटंच फिरवत होती."

"सुलटं फिरवत होता," सुमन म्हणाली, "तेच चुकत होतं."

आता मात्र त्या हसल्या.

त्यांनी फोन केला आणि दुपारी देखरेखीचे साहेब आले. तरुण होते. त्यांनी आधी माझे ओळखपत्र मागितले, मग पुरावा. पुरावा माझ्याकडे नव्हता, मोजमापांच्या वह्या सरांकडे राहिल्या होत्या. मी एवढेच म्हणाले, "माझी आठवण चुकीची असेल. पण नवाचा तळ आणि साताखालचा खड्डा मापून पाहा. दगड खोटं बोलणार नाहीत." ते म्हणाले, दगड उचलायला वरून परवानगी लागते, तोवर सिमेंटाचे काम थांबवतो, तुम्ही लेखी द्या. मी फाटकावरच्या टेबलाशी बसून दीड पान लिहिले. रंग मी लावला, कोणाला न विचारता लावला, क्रम असा होता आणि अमुक कारणाने असा होता. खाली सही केली. मुख्याध्यापिका असताना शाळेत करत असे त्या सहीपेक्षा ती जरा वाकडी आली.

निघताना सुकेळी कपाटातून बाहेर आली. वंदनाताईंनी एक तोडून खाल्ले, म्हणाल्या, "हे केळं हाय? आमच्याकडं वाळवून फक्त मिरच्या ठेवतेत." सुमनने तिथल्या तिथे, साल काढून उन्हात किती दिवस आणि मग पानात कसे बांधायचे, याचा वर्ग घेतला. दोघींच्या बोलण्यात 'पानी' सारखेच येत होते, आणि नवख्या माणसाला वाटले असते की त्या एकाच गावच्या लेकी आहेत.

नंतर मी एकटीने वर्तुळाला एक फेरी घातली, डाव्या हाताला ठेवून. पाय दुखत होते, पण घातली.

गिरीजला परत

परत येऊन पाच-सहा आठवडे काहीच कळले नाही. मी तुम्हाला लिहायला बसले नाही, कारण काय लिहावे ते ठरत नव्हते. तुमच्या बाबांना मात्र सगळे सांगितले. ते म्हणाले, "आई, तू आम्हाला भिंतीवर पेन्सिलीची रेघ ओढली तरी उपाशी ठेवायचीस." मी म्हणाले, का ते आता कळले असेल.

काल सकाळी सुमनबरोबर केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिले काढत होते, तेव्हा वंदनाताईंचा बोलून पाठवलेला निरोप आला. दोन्ही हात चिखलाचे, म्हणून सुमनने कोपराने फोन चालू केला. परवानगी आली. साहेबांनी स्वतः उभे राहून दोन्ही दगड उचलवले, मापले आणि अदलाबदल केली. नवाचा तळ आपल्या खड्ड्यात चिप न घालता बसला. दोरी सोडली. आता ते वर्तुळ डाव्या हाताला ठेवून लोकांना फिरवतात आणि का, ते आधी सांगतात. शेवटी आवाज एकदम बारीक करून वंदनाताई म्हणाल्या, "दगडावर बसाची मनाई हाय, म्हनून कोनाले सांगू नका आजी. पन काल फाटक लावल्यावर मी सातव्यावर बसून पाह्यलं. दोन्ही पाय उचलून. हालत नाही जी."